वरच्या कप्प्यातली हाडं

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. पण माझ्यात आइस्क्रीम शोधू नका. मेलेल्या माणसांनी जिवंतांसाठी दिलेली हाडं मी उणे ऐंशी अंशांत सांभाळतो. नवा होतो तेव्हा पाहुणे मला पाहायला यायचे. आता दार कुरकुरतं, म्हणून सगळे 'आजोबा' म्हणतात.

माझ्या खालच्या कप्प्यात तपासणी बाकी असलेली पाकिटं असतात. दात्याच्या रक्तात विषाणू नाही, असा अहवाल आला की तंत्रज्ञ बाई पाकिटं वर हलवतात. वर गेलेलं पाकीट कुणाच्याही अंगात बसू शकतं.

एका सोमवारी अपघातात गेलेल्या एका तरुणाची हाडं आली. अहवाल स्वच्छ होता. बुधवारी सकाळी त्यातलं एक पाकीट दुसऱ्या रुग्णालयात गेलंही. दुपारी कागद लावताना बाईंचा हात थबकला.

"सर, मरण्याआधी या मुलाला सलाईनच्या अकरा बाटल्या चढवल्यात. आपण तपासलेलं रक्त त्यानंतरचं आहे!"

"बरं, मग?" मुख्य डॉक्टर म्हणाले.

"मग काय! एवढं पाणी ओतल्यावर दूध कसलं तपासायचं? विषाणू असला तरी सापडायचा नाही."

"अहो, अहवाल हातात आहे ना? उगाच खुसपट काढू नका."

बाई ऐकेनात. उरलेली पाकिटं त्यांनी पुन्हा खालच्या कप्प्यात ठेवली आणि तो तरुण दाखल झाला तेव्हाचं, सलाईनआधीचं रक्त मागवून तपासायला दिलं. गुरुवारी उत्तर आलं. यकृत पोखरणारा विषाणू त्यात होता.

बाईंनी त्या दुसऱ्या रुग्णालयात फोन लावला. "ते हाड... बसवलं का हो?"

"कालच की! शाळेत शिक्षिका आहेत. आत्ताच पहिल्यांदा उभ्या राहिल्या. सगळे टाळ्या वाजवताहेत."

बाईंनी पाकिटाचा कागद पुढे ओढला. पाकीट सोडल्याची सही त्यांचीच होती.

शिक्षिकेला खरं सांगितलं गेलं. दुसऱ्या महिन्यात तिच्या रक्तातही तो सापडला. औषधं चालू आहेत. गुण येईल, असं डॉक्टर म्हणतात. मोठ्यानं मात्र कुणी म्हणत नाही.

आता बाई जुन्या फायली उपसत बसतात. परवा त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, बाटल्यांचा रकानाच कोरा आहे. एका नाही, चौदा कागदांवर." डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पहिली फाइल स्वतःकडे ओढली. त्या चौदाही दात्यांची हाडं केव्हाच माझ्यातून गेली आहेत.

मित्रांनो, मला थंड ठेवता येतं, चांगलं-वाईट ओळखता येत नाही. माझ्या गारठ्यात विषाणू मरत नाही. हाडाइतकाच तोही जपला जातो. म्हणून माझं दार उघडण्याआधी कागद नीट वाचा. कोरा रकाना तर दोनदा वाचा.