बोल्टखालचा रंग

मी अर्थिंगची एक जुनी हिरवी वायर आहे. मित्रांनो, मी तापट आहे आणि त्याला कारणही आहे. ब्लेडने माझी साल सोलली, पकडीने माझ्या डोक्यावर टोपण ठेचून बसवलं. एवढा मार मी एकाच कामासाठी खाल्ला. राहायची सोय असलेल्या एका गाडीत इन्व्हर्टरची पेटी आणि गाडीचा लोखंडी सांगाडा मला जोडून धरायचे होते. वीज कुठे भलतीकडे सुटलीच, तर ती माझ्यातून इन्व्हर्टरकडे परत जाते, त्याचा स्विच आपोआप पडतो आणि माणूस वाचतो.

मला बसवत होती घरातली सून. गाडी मात्र सासऱ्यांनी रंगवली होती, आणि त्यांचा जन्म पेंटरकीत गेलेला.

"बाबा, बोल्टखालचा रंग थोडा खरवडते. रंगातून वीज जात नाही."

"खबरदार! तीन हात मारलेत. माझ्या रंगाला नख लावायचं नाही."

सुनेने वडीलधाऱ्यांचा मान राखला आणि मला रंगावरच आवळलं. नाव मोठं लक्षण खोटं, अशी माझी गत झाली.

खड्ड्यांच्या रस्त्यावर आतली एक वायर पत्र्याच्या कडेला घासून फाटली आणि सगळ्या सांगाड्यात करंट उतरला. सकाळी सुनेने एका हाताने दाराची चौकट धरली, दुसरा हात इन्व्हर्टरवर ठेवला. करंटने तिला जखडलं. दात जिभेत रुतले, तोंडातून रक्त आलं. मी शेजारीच होते आणि मला काहीच करता येत नव्हतं. त्या रंगाचा मला असा संताप आला!

सासरे धावले. हात लावला असता तर तेही चिकटले असते. त्यांनी कोरडं लाकडी दांडकं उचललं आणि तिच्या मनगटावर हाणलं. पुन्हा हाणलं. हाड मोडलं तेव्हा हात सुटला.

दोष इन्व्हर्टरचाच, असं समजून नवा आणला. या वेळी सासऱ्यांनी स्वतः छिन्नी घेतली आणि जुनं वैर असल्यासारखा तो रंग ओरबाडला. उघड्या पत्र्यावर मला आवळून त्यांनी इन्व्हर्टर चालू केला. धाड! सगळी वीज माझ्यावर कोसळली. माझी साल करपली, आणि स्विच पडला.

"आता काय झालं?"

प्लास्टरमधला हात सावरत सून म्हणाली, "फाटकी वायर आतच राहिली असणार, बाबा. तुमचे हात कुठे आहेत बघा."

एक चौकटीवर होता, दुसरा इन्व्हर्टरवर. त्या सकाळी सुनेचे होते, अगदी तसेच. सासऱ्यांनी दोन्ही हात झटकन काढून घेतले.

मित्रांनो, मला रंगावर आवळू नका. आधी पत्रा खरवडा. घरातलं मोठं माणूस रागावलं तर रागावू द्या. रागवायला ते जिवंत तर राहील.