क्रॉसखालची जागा

उत्तर इंग्लंडातल्या आमच्या थॉर्नबेकला गुरुवारच्या बाजाराची सनद मिळाली त्याला पावणेआठशे वर्षं झाली. मधल्या काळात स्कॉट लोकांनी गाव दोनदा जाळलं. दोन्ही वेळा पुढच्या गुरुवारी बाजार भरला, आणि जुन्या दप्तरात तक्रार आहे ती आगीची नाही, धुराने लोण्याला वास लागल्याची. नियमही तेव्हाचाच: सलग तीन गुरुवार गैरहजर राहिलं की जागा जाते. जागांची वही माझ्याकडे असते, म्हणून सांगतो.

हिल्डा मेटकाफ बाजारचौकातल्या दगडी क्रॉसच्या पायरीशी चीज विकायची. तिच्या आधी तिची आई, त्याआधी आजी. कोरडी, उन्हाची जागा. विल्फ रॅमशॉ अंडी विकायचा गटारापाशी. तिथं बाराही महिने पाय ओले. क्रॉसखालच्या जागेसाठी यादीत बावीस वर्षं पहिलं नाव त्याचंच.

जानेवारीत हिल्डाचं खुब्याचं हाड मोडलं. विल्फ तिला इस्पितळात द्राक्षं देऊन आला.

"कशी आहे रे?" मी विचारलं.

"मजेत. पण तीन गुरुवारांत काही उठत नाही."

चौथ्या गुरुवारी तो नवी टोपी घालून क्रॉसखाली उभा राहिला. पहिल्या आल्या मिसेस पिकर्सगिल.

"चीज कुठंय?"

"हिल्डा आजारी आहे. अंडी देऊ?"

"अंडी मी गटारापाशी घेते."

"अहो बाई, गटारापाशी मीच असतो!"

"मग इथं काय करतोयस?" म्हणाल्या, आणि गटारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

अकरापर्यंत त्यांच्यामागे चौदा माणसं लागली. विल्फ क्रॉसखाली आहे, असं मी प्रत्येकाला सांगितलं. "असेल," ते म्हणाले, "आम्हाला अंडी हवीत." रांगेच्या शेपटाकडच्यांनी विल्फ वारला असं धरून टाकलं. एकजण तर म्हणाला, "त्याची अंडी बरी असायची." जिवंत माणसाबद्दल थॉर्नबेकात इतकं चांगलं कोणी बोलत नाही. वीस पावलांवर विल्फने ते ऐकलं.

पावणेबाराला तो ट्रे उचलून गटारापाशी आला.

"उशीर केलास," मिसेस पिकर्सगिल म्हणाल्या.

"कोण म्हणालं, बरी असायची?"

कोणी कबूल झालं नाही. वीस मिनिटांत ट्रे रिकामे झाले.

"क्रॉसची जागा हिल्डाच्या नावावर परत चढवू?" मी विचारलं.

बूट झटकत विल्फ म्हणाला, "चढव. पण यादीत माझं नाव पहिलंच राहू दे."