गाडीची खांदेमळण

कौतुकाच्या बाबतीत माझा हात आखडताच असतो. उभी हयात आष्टीच्या बाजारात बैलांची दलाली केली, आणि तिथं ज्यानं लवकर कौतुक केलं तो लवकर फसला. शिंगं तासून, कातडीला तेल चोळून, थकलेला बैल जवान म्हणून गळ्यात मारणारे मी इतके पाहिलेत की चकचकीत काही दिसलं की आधी मनात येतं, खाली काय दडवलंय? म्हणून राजानंद नावाच्या एका कारागिराबद्दल हे सगळं लिहायला बसलोय याचं माझं मलाच नवल वाटतंय.

माझी थोरली बहीण सोनूबाई भोकरदनला असते. मी तिला आक्का म्हणतो. तिचा मुलगा रामेश्वर जालन्याला बियाण्याच्या कंपनीत नोकरी करतो, रोज जाऊन येऊन. त्यासाठी त्यानं यंदा अक्षय तृतीयेला नवी चारचाकी गाडी घेतली. रंग गडद निळा, सावलीत काळाच वाटावा असा. बैलजोडी मागेच विकली होती, गोठा रिकामा होता, वरचे पत्रे धड होते. मग गाडी गोठ्यातच उभी राहू लागली, गव्हाणीकडे तोंड करून, थेट बैलांच्या जागेवर. घोटाळ्याचं मूळ तिथंच आहे.

पोळ्याला मी दरवर्षी आक्काकडे जातो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळण असते. वर्षभर जू ओढून ओढून बैलाचे खांदे सोलवटतात, म्हणून त्या दिवशी बैलाला घासून धुतात, खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात आणि त्याला जेवणाचं आमंत्रण देतात. यंदा बैलच नव्हते. पण आक्काला दिवस मोकळा कसा जाऊ देववेल? मी जेवून ओसरीवर लवंडलो होतो, रामेश्वर आणि सूनबाई रेणू बाजारात गेले होते. आक्कानं बादली भरली, नारळाची शेंडी घेतली, चुलीतली राख घेतली आणि गाडीला डोक्यापासून शेपटीपर्यंत खसाखसा घासून काढलं. नंतर बॉनेटच्या दोन्ही अंगांना हळद-लोणी चोळलं. मला जाग आली ती तिच्या आवाजानं. गाडीपुढे हात जोडून ती म्हणत होती, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या."

मला हसू आलं. हळदीखाली काय झालंय ते मला कुठं दिसत होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी रामेश्वरनं गाडी धुतली आणि उन्हात काढली. निळ्या रंगावर सगळीकडे बारीक बारीक ओरखडे, जणू कोळ्यानं रात्रभर जाळं विणलंय. गल्लीत सणाची गर्दी होती, सगळ्यांच्या देखत पोराचा तोल सुटला. "माय, जित्याचं अन् पत्र्याचं तुला येकच वाटतं का? वाटोळं केलंस समदं! आजपासून कश्यालाच हात लावू नकोस!"

पोरगा वाईट नाही. पण भांडं फुटलं तर दुसरं आणता येतं, शब्द फुटला की तो कुठं सांधायचा? आक्कानं लेकाचा शब्द तंतोतंत पाळला. मिक्सरला हात लावेना, गॅस पेटवेना, फ्रिज उघडायचा तर रेणूला हाक मारायची. रेणू बिचारी काकुळतीला आली, "आत्याबाई, तुमच्या घरात तुमीच पाव्हण्यावानी कामून बसताव?" तर आक्का म्हणाली, "माझे हात जनावरात राह्यलेले हात हायेत माय. हितं न्हाई चालायचे ते." आणि तिनं बोचकं बांधायला घेतलं. शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या वस्तीवर, जाऊन राहणार म्हणे. तिथं एक म्हैस आहे, चार शेळ्या आहेत, एक खोली आहे, आणि पावसाळ्यात साप आहेत. या वयात तिथं एकटी. मी समजावलं, रागावलो, शेवटी आष्टीला जायची एसटी सोडून तिथंच ठिय्या दिला. रामेश्वर मनातून विरघळला होता, पण आईजवळ जाऊन दोन शब्द बोलायचे तर जीभ टाळ्याला चिकटायची. आमच्या घरातल्या पुरुषांना हा रोगच आहे.

राजानंदला शोधलं रेणूनं. गाडीच्या रंगावर मशीन फिरवून ओरखडे काढणारा माणूस आहे, जालन्याहून घरी येतो, असं तिला कुणीतरी सांगितलं. गाडी पहिल्यासारखी झाली तर घरही होईल, असा तिचा साधा हिशोब.

तो आला तेव्हा मला जरासुद्धा आवडला नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, कोरलेली मिशी, केसांवर चढवलेला गॉगल. आल्या आल्या त्यानं अंगठी काढली, घड्याळ काढलं, कमरेचा पट्टा काढला. मी म्हणालो, "कुस्ती खेळाया आलास का रे बाबा?"

"मामा, पट्ट्याचं बक्कल रंगाला घासतं," तो म्हणाला. "अन् एक सांगून ठिवतो, आख्ख्या जिल्ह्यात माझ्यावानी हात न्हाई. मी हात फिरवलेली गाडी सिग्नलला हुबी राह्यली, की लोक तिच्यात बघून भांग पाडतेत."

असा बढाईखोर! बाजारात असा विकणारा भेटला असता तर मी त्याच्या बैलाचे दात दोनदा मोजले असते.

त्यानं गोठ्यात पाणी शिंपडून धूळ बसवली. गाडी धुतली, मऊ कापडानं टिपून कोरडी केली. मग टॉर्च पेटवून बॉनेटवर वाकला. एका ओरखड्यावरून नख फिरवलं, दुसऱ्यावरून फिरवलं, दारावर आला, मागं गेला, परत पुढं आला. बडबड एकदम बंद. रामेश्वर पुटपुटला, "लई खराबी हाय का?"

"कुनी घासली ही?" राजानंदनं विचारलं.

आतल्या दाराशी पदराचं टोक हललं ते मला दिसलं. आक्का तिथं उभी होती.

"आमच्या मायनं," रामेश्वर खाली बघून म्हणाला. "बैल धुत्यात तसं."

मला वाटलं, आता हा फिदीफिदी हसणार आणि मला त्याला हाकलावं लागणार. पण राजानंदनं टॉर्च तिरपा धरला आणि रामेश्वरचं मनगट ओढून त्याला खाली वाकवलं. "हे बघा साहेब. बिलकुल सरळ. पुढून मागं एक पट्टा, मंग त्याच्यावर निम्मा चढवून दुसरा पट्टा, मंग तिसरा. कुठं दाब जास्ती न्हाई, कुठं कमी न्हाई. मला मशीन धराया शिकिवलं तवा उस्ताद ह्येच सांगायचा. निम्मी जागा पुन्हा घे, अन् हाताचं वजन बदलू देऊ नको. ह्याच्यापायी मी शिव्या खाल्ल्यात त्याच्या. अन् हितं मावशीनं नारळाच्या शेंडीनं तेच केलंय!"

"पर ओरखडे तर पडलेच ना," मी म्हणालो. कुणीतरी खोड काढायला हवीच.

"पडले. पर बराबर एकसारखे पडले मामा, म्हणून वाचले. रंगावर पारदर्शक थर असतो, त्या थरातच हायेत समदे. एक बी नखाला लागत न्हाई. रागारागानं एका जागी रेटून घासलं असतं ना, तर खालचा रंग उघडा पडला असता. मंग माझं काम न्हाई, पेंटरचं काम."

पदराचं टोक पुन्हा हललं. या खेपेला ते लगेच आत गेलं नाही.

मग त्यानं काम सुरू केलं. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना, दिव्यांच्या कडांना कागदी टेप चिकटवली. बॉनेटच्या बरोबर मधोमधही एक टेप ओढली, इकडची बाजू आधी करतो, तिकडची तशीच ठेवतो, फरक तुम्हीच बघा, असं म्हणून. मशीनच्या तळाला फोमचं गोल पॅड बसवलं, त्याला औषधाच्या गोळ्यांएवढे पॉलिशच्या मलमाचे ठिपके दिले. मशीन सुरू करण्याआधी पॅड रंगावर टेकवलं आणि मगच बटण दाबलं.

मी जन्मभर माणसांना काम करताना पाहिलंय. बहुतेकांचं तोंड आणि हात एकाच गतीनं चालतात. हा गडी वेगळा. मशीन हातात आलं आणि त्याची सगळी मिजास कुठं गेली कोण जाणे. पाय रोवून उभा, कोपरं अंगाला चिकटलेली, आणि मशीन गोगलगायीच्या चालीनं पुढं सरकतंय. आधी उभं, मग आडवं. मध्येच थांबून पालथा हात रंगावर ठेवायचा. पत्रा तापला वाटलं की तिथून सरकायचा, दुसरीकडे लागायचा. घाई अजिबात नाही. रेणूनं आणलेला चहा गार झाला, त्यानं ढुंकून पाहिलं नाही. तापट बैलाला चुचकारत नेणारा एखादा जुना गाडीवान असतो ना, तसा तो त्या गुरगुरणाऱ्या मशीनला नेत होता. आधी जाडसर मलम, मग पॅड बदलून बारीक मलम, पुन्हा तेच उभं-आडवं.

त्यानं मलम पुसलं, टेप काढली, आणि रेणूच्या तोंडून "अगं बाई" निघालं. एका बाजूला ते जाळं, दुसऱ्या बाजूला गोठ्याचे पत्रे, गव्हाण, आमची चार तोंडं, सगळं स्वच्छ उमटलेलं.

पण मी दलाल. म्हणालो, "तेल लावलंस. तेलानं समदंच झाकतं. आठ दिसांनी उघडं पडंल."

तो चिडला नाही, उलट खूश झाला. "वा मामा! असा गिऱ्हाईक पायजे." त्यानं एका बाटलीतलं स्पिरिट फडक्यावर ओतलं आणि चकाकणारा भाग खसखसून पुसला. "ह्यानं तेलाचा बाप बी निघतो. आता बघा टॉर्चनं."

मी बघितलं. चष्मा पुसून बघितलं. एकही ओरखडा नव्हता. खाली काही दडवलेलं नव्हतं. साठी उलटली माझी, पण चकाकी आणि खरेपणा एका जागी मी फार थोड्या वेळा पाहिलेत. मी त्याची पाठ थोपटली. मी कुणाची तरी पाठ थोपटतोय हे बघून रामेश्वर माझ्याकडेच बघत राहिला.

दुपार कलली तोवर दारं, छत, मागची बाजू सगळं झालं. राहिल्या होत्या फक्त बॉनेटच्या कडा. राजानंदनं मशीन बंद करून ठेवलं, हातात एक छोटं फोम घेतलं, आणि आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "मावशी, जरा भाईर येता का?"

आक्का उंबऱ्यापर्यंत आली. हात पदराखाली.

"कडेला रंग पातळ असतो," तो म्हणाला. "मशीन लावलं तर जळंल. हितं हातानंच घ्यावं लागतं, अन् हात एकसारखा पायजे. माझा हात मशीन धरून धरून थरथरून राह्यलाय आता. तुमी घेता का येवढं?"

"न्हाई रे लेकरा," आक्का मागं सरली. "माझ्या हातानं लई वाटोळं झालंय. पुन्हा न्हाई."

मी राजानंदच्या हाताकडे पाहिलं. घटकाभरापूर्वी त्यानं रेणूनं पुन्हा केलेल्या चहाचा काठोकाठ भरलेला कप याच हातानं उचलला होता आणि बशीत थेंब सांडला नव्हता. आताही तो हात दगडासारखा स्थिर होता. सकाळपासून ज्यानं आपल्या हाताचा डंका पिटला, त्या माणसानं माझ्या बहिणीसाठी आपलाच हात थरथरतो म्हणून खोटं सांगितलं. त्याच्या कारागिरीपुढं मी मान तुकवलीच होती. या खोट्यापुढं ती दुसऱ्यांदा तुकवली, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

आक्का उंबरा ओलांडेना. बोचकं तिच्या मागं, भिंतीशी तसंच होतं. राजानंद फोम पुढं धरून उभा. अशा वेळी तिसऱ्या माणसानं काय बोलावं? मी रामेश्वरकडे पाहिलं.

त्यानं राजानंदच्या हातातलं फोम घेतलं. उंबऱ्यापाशी गेला, आईचा पदराखालचा उजवा हात बाहेर काढला, उलगडला आणि त्यावर फोम ठेवलं. "माय, तू कर," तो म्हणाला. "मी बोललो ते चुकीचं बोललो. लोकायच्या देखत बोललो. आता ह्यायच्या देखत सांगून राह्यलो, तुझ्या हाताबिगर ह्या घरातलं कायी चालत न्हाई. गाडी बी न्हाई."

आक्कानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग फोमकडे. मग बाहेर आली.

राजानंदनं मलमाचा ठिपका दिला. तिनं फोम कडेला टेकवलं, डोळे बारीक केले आणि हात फिरवायला सुरुवात केली. पुढून मागं. निम्मी जागा पुन्हा. पुढून मागं. बांगड्या रंगाला लागतील हे लक्षात येताच थांबली, त्या कोपराकडे सरकवल्या, अंगठी-पट्टा काढून ठेवलेल्या त्या गड्याकडे बघून मान हलवली, आणि पुन्हा लागली. रामेश्वर तिच्या खांद्याशी ओणवा होऊन बघत होता, डोळे भरलेले.

आक्कानं वर न बघता त्याला कोपरानं ढोसलं.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "उजेड आडवून राह्यलास."