एका नाचाच्या गाण्याची खोटी साक्ष

"अपोंदी, पोरीचे कान एकदा कुणाला तरी दाखव गं," रिस्पा आजी म्हणाली होती. हॉलच्या दाराशी मासे तळता तळता तिचे लक्ष सगळीकडे असे. "मघाशी माझ्या हातून कढई निसटली. अख्खा हॉल दचकला. हिची पापणीसुद्धा हलली नाही."

अपोंदी हसली. "आजी, कानानं अधू पोर अशी तालात नाचेल का? बघा तरी!" तिने पाठीवर लेसोच्या कापडात बांधलेल्या अदोयोला जरा वर सरकवले आणि माझे कडवे पुन्हा सुरू केले. अदोयोचे डोके बरोबर ठेक्यावर डुलू लागले. मित्रांनो, तेव्हा मीही हसलो.

मी एक जुने नाचाचे गाणे आहे. किसुमूला, सरोवराच्या काठी, मासळीबाजारामागच्या हॉलमध्ये माझा जन्म झाला. जन्म कसला, भांडणच ते! अपोंदीचा नवरा ओडुंगा याच काठचा. त्याला गिटारवर आमची बेंगा चाल हवी होती, बोटे नुसती पळणारी. काँगोहून आलेला काझादी म्हणाला, "अरे, आधी बाईचा हात तर धरू दे, मग पळव! रुंबा संथ लागते." मोंबासाचा ढोलवाला मबारूक म्हणाला, "तुमचं चालू द्या. मी तोवर कंबर हलवतो." आणि त्याने किनाऱ्यावरच्या बायकांच्या नाचाचा ठेका धरला. शेवटी मी तिघांचाही झालो. संथ सुरू होतो, मध्येच ठुमकतो आणि मग सुटतो तो सुटतोच. शब्द अपोंदीचे. एका बाईची होडी सुटते आणि ती काठावर नाचून नाचून होडीवाल्याला परत बोलावते, एवढीच गोष्ट.

मग काय विचारता! लग्नांत मी, केशकर्तनालयात मी, प्रवासी गाड्यांच्या कर्ण्यांत मी. दर रविवारी दुपारी हॉलमध्ये अपोंदी मला गाई. अदोयो झाल्यावर ती पोरीला पाठीशी बांधून गाऊ लागली. लोक म्हणत, "पोर पोटातूनच गाणं शिकून आलीय!" हे ऐकून मी फुलून जाई.

अपोंदी निष्काळजी होती असे मात्र कुणी समजू नका. ती कॉलेज शिकलेली होती. पोरीचे वजन वहीत लिहून ठेवणारी, मच्छरदाणीची भोके रोज तपासणारी. शेजारच्या घरातले मूल 'बा बा' करू लागले आणि आपले गप्पच आहे, हेही तिला दिसत होते. पण मनात शंका आली की ती अदोयोला पाठीवर घेई, मला गुणगुणे, पोर डुले आणि शंका खाली बसे. तिने माझीच साक्ष काढली होती. आणि मी खोटी साक्ष देत होतो.

आमच्याकडे नाच रंगात आला की ऐकणारा कुणीही हात वर करून गाणे थांबवतो आणि स्वतःची नाहीतर आपल्या माणसाची तोंडभर स्तुती करतो. थाप जितकी मोठी, तितका हशा मोठा. अदोयो अकरा महिन्यांची असताना एका रविवारी ओतियातो होडीवाला असाच उभा राहिला.

"थांबवा! मी ओतियातो! मला बघून मासे आपणहून होडीत उड्या मारतात!"

"तुझी होडी परवा बुडाली ना रे?" मागून कुणीतरी ओरडले.

"बुडाली नाही. माशांचा पाहुणचार घ्यायला गेली! आणि आज मी या पोरीचा मामा म्हणून उभा आहे. पाय फुटायच्या आधी नाचणारी माझी भाची! अपोंदी, उतरव तिला खाली. आज तिचा नाच समोरून बघू दे!"

टाळ्या पडल्या. अपोंदीने कौतुकाने गाठ सोडली, अदोयोला चटईवर बसवले आणि मी पुन्हा सुरू झालो. आजूबाजूची पोरे बसल्या जागी उसळू लागली. अदोयो बाटलीचे एक बूच उलटे-सुलटे करत बसली. मी ठुमकलो. ती बूच बघत होती. मी सुटलो, ओडुंगाची बोटे पळाली. ती बूच बघत होती.

"लाजली गं!" ओतियातो म्हणाला.

अपोंदीचा आवाज अर्ध्या ओळीत थांबला. ती पोरीच्या मागे गेली. "अदोयो." मग मोठ्याने, "अदोयो!" मग टाळी वाजवली. तिच्या झग्याची कड गालाला लागली तेव्हा कुठे पोरीने वर पाहिले आणि ती आईला बघून गोड हसली.

मित्रांनो, इतके दिवस नाचत होती ती अपोंदी. अदोयो नुसती तिच्या पाठीबरोबर हलत होती.

रिस्पा आजी हात पुसत आली. 'मी सांगितलं होतं' असे एका शब्दाने म्हणाली नाही. "उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. मी येते. मासे सून तळेल."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला फार थोडं ऐकू येतं. यंत्र लावू, हातांची भाषा शिकवू. आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. पण वेळ गेलेली नाही." अपोंदीच्या कानांत त्यातले 'आधी' तेवढेच राहिले.

त्यानंतर तिने मला गायचे सोडले. मी रेडिओवर लागलो की ती रेडिओ बंद करी. मला राग आला नाही. माझ्यावर विश्वास टाकून ती फसली होती. ती हातांची भाषा शिकत होती, पोर कानातले यंत्र दहा वेळा ओढून काढी, ती अकराव्यांदा लावी. घरात सूर म्हणून नव्हता.

मग एका सकाळी अदोयोला मांडीवर घेऊन मक्याच्या पिठाची उगाली भरवताना मी तिच्या ओठांवर नकळत आलो. अदोयोने आईच्या गळ्यावर तळवा ठेवला. अपोंदी दचकून थांबली. पोरीने गळ्यावर दोनदा थोपटले. आणखी हवे होते तिला!

अपोंदीने मला पहिल्यापासून गायले, रडत, बेसूर. ती मुद्दाम दगडासारखी स्थिर बसली होती. कंबर नाही, खांदा नाही, काही हलू दिले नाही. आणि तिच्या मांडीवर अदोयो डुलू लागली. तालाच्या जरा मागे, पण आपली आपण.

आता ती दहा वर्षांची आहे. मबारूकच्या ढोलावर तळवा टेकून बसते आणि तो रेंगाळला की हातांनीच त्याला झापते. मबारूक म्हणतो, "ही जन्मली तेव्हाच मी म्हातारा झालो!"

मित्रांनो, गाण्यांवर खुशाल प्रेम करा, पण आमची साक्ष काढू नका. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात एखादे बसू लागलेले तान्हे असेल. त्याला मांडीवरून खाली ठेवा. समोर जाऊ नका, त्याला स्पर्श करू नका, तुमची सावलीही त्याच्यापुढे पडू देऊ नका. मागे उभे राहून हलकेच त्याचे नाव घ्या आणि ते वळते का, तेवढे आजच बघा.