किल्लीवाल्याचं गाणं

वर्गाच्या दाराला आतून कुलूप होतं, म्हणून आजोबांनी वाकून किल्लीच्या भोकाला डोळा लावला. जन्मभर कुलूप-किल्लीचं दुकान चालवलेला माणूस. ते कुलूप पाहूनच त्यांना हसू आलं. साध्या तारेनं उघडलं असतं. पण आत जे दिसलं त्यानं हसू विरलं.

त्यांची नात पाण्याच्या पेल्याकडे हात करून रडत होती. शिकवणाऱ्या ताई पेला छातीशी धरून, दुसरा तळवा तिच्यापुढे पसरून, नुसत्या बघत होत्या.

आजोबांनी दारावर मूठ आपटली. "उघडा! पाण्यावरही पहारा बसवलात काय?"

दार उघडेपर्यंत नात पाणी पिऊन मोकळीही झाली होती. ताईंच्या तळव्यावर आता पुठ्ठ्याचं एक कार्ड होतं. त्यावर पेल्याचं चित्र.

"आजोबा, हे हातात दिलं की लगेच पाणी मिळतं," ताई म्हणाल्या. "माणसाला काही सांगितलं की काही घडतं, एवढंच तिला उमगायला हवंय."

"तिला तहान लागली की मला कळतं. ओठ चाटते ती."

"तुम्हाला कळतं हो. म्हणून तर तिला सांगावं लागत नाही."

बोलणं गोड होतं, आणि गोड बोलण्याचा आजोबांना भारी संशय. जग विश्वासावर चाललं असतं तर त्यांचं दुकान कधीच बसलं असतं.

नातीला ते मुनी म्हणत. दुधाचे दात पडायला लागले तरी पोरीच्या तोंडून शब्द नव्हता. डॉक्टरांनी स्वमग्नता म्हणून सांगितलं होतं. आजोबांचं म्हणणं साधं होतं. देवानं जिभेला कुलूप घातलंय ना, मग किल्लीही इथंच कुठंतरी ठेवली असणार. तो काही विसरभोळा नाही. आणि ती किल्ली आपल्याला सापडली आहे, असं ते मनोमन धरून होते. देवाची नावं घेत स्वतः जुळवलेली एक चाल ते दिवसभर गात. दुकानात गात, रस्त्यानं गात. ते गायला लागले की मुनी दोन्ही हातांनी कान गच्च धरी आणि डोळे मिटून घेई.

"तल्लीन होते पोर," ते गिऱ्हाइकांना सांगत. "सूर बाहेर सांडू नये म्हणून कान बंद करते, बघा."

त्या संध्याकाळी त्यांनी सुनेपुढे सगळा पाढा वाचला. "ती बाई पोरीला तहानेनं रडवते. वर पाठीमागे एक मदतनीस उभी! ती पोरीचा हात धरून कार्ड उचलायला लावते. हे काय शिकवणं झालं? हात धरून अंगठा उठवतात, त्यातला प्रकार."

सून दवाखान्यातली पाळी संपवून नुकतीच टेकली होती. मुलगा फिरतीवर, त्यामुळे घरातला शेवटचा शब्द तिचाच. पण तो ती कधी चढ्या आवाजात उच्चारत नसे.

"बाबा, तुम्ही नसाल तेव्हा तिनं ओठ कुणापुढं चाटायचे?"

आजोबा खिशातला किल्ल्यांचा जुडगा चाळवू लागले.

"उद्या आत बसा," ती म्हणाली. "मी ताईंना विचारते. खोट दिसली तर सांगा, तिला काढून घेऊ. तुमच्या शब्दाबाहेर नाही मी."

दुसऱ्या दिवशी आजोबा वर्गाच्या कोपऱ्यात लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. नजर मात्र चौकीदाराची. भिंतीवर चित्रांची एक पट्टी होती: दप्तर, मणी, पेला, झोका, घर. एक काम संपलं की मुनी ते चित्र काढून डब्यात टाकी. खाली तिच्या हाताला येईल अशा फळीवर कार्डं चिकटवलेली. आजोबांनी एकेक उपटून मागून-पुढून पाहिलं. कुठं खूण नाही, कुठं मेख नाही. एका कार्डावर नुसता लाल तळवा होता.

"हा कसला?"

"पुरे," ताई म्हणाल्या. "एखादी गोष्ट सोसत नसेल तर. तो तिनं अजून एकदाही उचलला नाही."

"आणि ही मदतनीस कायम मागं?"

"आधी हात धरते, मग मनगट, मग नुसतं कोपराला बोट. शेवटी तीही नाही."

"असं तुम्ही म्हणता."

ताई हसल्या. "मग तुम्हीच बघा ना करून."

आजोबा हेच ऐकायची वाट बघत होते. त्यांनी मदतनिशीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला धाडलं, ताईंना खिडकीकडे तोंड करून उभं केलं, आणि पेला स्वतः धरला. मुनीनं ओठ चाटले. आजोबांचा हात सवयीनं पुढं निघाला. त्यांनी तो आवरला. मुनी ओरडली. पाय आपटले. 'देवा, हा काय उद्योग मांडला मी,' ते पुटपुटले. तेवढ्यात मुनी वळली, फळीकडे गेली आणि पेल्याचं कार्ड आणून तिनं त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

आजोबांनी इतक्या घाईनं पेला पुढं केला की निम्मं पाणी त्यांच्याच धोतरावर सांडलं.

"बघा, बघा! मला दिलं!" ते ताईंना म्हणाले, आणि आनंदाच्या भरात त्यांच्या तोंडून ती चाल आपसूक सुरू झाली. मुनीनं कान धरले. "आणि हेही बघा, लागली तंद्री!"

ताईंनी वळून कान धरलेल्या मुनीकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

मुनीनं एक कान सोडला. फळीशी गेली. लाल तळवा उपटला आणि तो आणून आजोबांच्या हातात दिला.

गाणं तुटलं.

"हे कुणी पढवलं हिला?" आजोबांनी गर्रकन मदतनिशीकडे पाहिलं. ती लांब, दुसऱ्या मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती. ताई खिडकीशीच होत्या. पढवणारं जवळ कुणीच नव्हतं. तरी खातरी करून घ्यायची म्हणून आजोबांनी अगदी खालच्या सुरात पुन्हा सुरुवात केली. मुनीनं त्यांची बोटं धरली आणि एकेक करून लाल तळव्यावर मिटली.

"ताई," कार्डावरची बोटं न उघडता त्यांनी विचारलं, "हे कार्ड... घरी न्यायला मिळेल?"

"तिचंच आहे ते."

संध्याकाळी सुनेनं चपला काढतानाच विचारलं, "मग, काय ठरवलंत? काढायचं का तिला?"

"नको," आजोबा म्हणाले. "काही खोट नाही. पोर खरं बोलते."

"बोलते?"

"हो. मला म्हणाली आज." काय म्हणाली ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी किल्ल्यांच्या खुंट्यांखाली, मुनीचा हात पोचेल तिथं, लाल तळवा टांगला. मुनी खाली बसून कोऱ्या किल्ल्या लहान-मोठ्या रांगेत लावत होती. आजोबांनी शिकंज्यात किल्ली आवळली आणि कानस घेतली. मग थांबले. आता त्यांना आपल्या प्रत्येक आवाजाचा संशय येऊ लागला होता. कानशीचा आवाज तर अंगावर काटा आणणारा. गिऱ्हाइकं दात आवळून उभी राहतात. त्यांनी भीत भीत कानशीचा एक हात मारला आणि खाली पाहिलं.

मुनीनं मानही वर केली नाही.

त्यांनी जोरात घासलं. काही नाही. म्हणजे कानस चालत होती. फक्त गाणं नको होतं.

आजोबांनी चष्मा पुसला. हात कामाला लागला तशी चाल सवयीनं ओठांशी आली. त्यांनी ओठ मिटले आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळं गाणं आतल्या आत म्हटलं. देवाला ऐकू गेलं असेल. खाली मुनी किल्ल्या लावत होती. तिचे दोन्ही हात मोकळे होते.