ओतलेलं पाणी

“उपास करायचा, वर पाणीही ओतून द्यायचं! आमच्याकडे कालपासून नळाला थेंब नाही आणि मी इथे तांब्या धरून उभी,” चंपा माझ्या कानाशी पुटपुटली. “देवाला तहान लागलीय का?”

“हळू बोल. पाळकसाहेब बघतायत.”

“बघू देत. त्यांनी कुठे हंडा उचललाय कधी!”

कोथरूडच्या टोकाला, टेकडीखाली आमचं छोटं चर्च आहे. जूनचे तीन आठवडे कोरडे गेले, महापालिका दिवसाआड पाणी सोडायला लागली, तेव्हा पाळकसाहेबांनी पावसासाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. जुन्या काळी इस्राएल लोकांनी पाणी काढून देवापुढे ओतलं होतं, उपास करून पापं कबूल केली होती. तसंच आमच्या महिला मंडळानं करायचं. पाणी चर्चच्याच बोअरचं, प्रत्येकीला एक तांब्या. त्याआधी दुष्काळाचा आध्यात्मिक अर्थ मी सांगायचा.

मंडळीत लिहायचं-बोलायचं काही निघालं की माझ्याकडे येतं. शाळा नववीत सुटली, पण हाताला लागेल ते वाचत गेले, त्याची ही शिक्षा. एप्रिलमध्ये पाटीसुद्धा मीच लिहिली होती.

चर्चच्या भिंतीला बाहेरच्या अंगानं एक नळ आहे. शेजारच्या वस्तीतल्या बायका वर्षानुवर्षं तिथे पाणी भरत. एप्रिलमध्ये बोअरचं पाणी खाली गेलं आणि इकडे आमच्या हॉलमध्ये लग्नं ठरलेली. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी नळाला कुलूप लावलं. ठरावावर सेक्रेटरी म्हणून माझी सही. वर मी पाटी लिहून दिली : ‘हे पाणी मंडळीच्या सभासदांसाठी आहे. इतरांनी आभाळाकडे पाहावे.’

पुण्यात पाटी लिहायची म्हणजे जरा टोचायला हवी ना! पंच पोट धरून हसले. कुणीतरी फोटो काढला, तो फिरत फिरत माझ्या जावेकडून मलाच परत आला. मी दोन दिवस खुशीत होते, हे आता लिहितानाही कान तापतात.

तिसऱ्या दिवसापासून मात्र गेटातून आत शिरताना मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. बाकीच्याही मोबाईल बघत यायच्या. भिंतीशी हंड्यांची रांग असायची. टँकर कधी अकराला यायचा, कधी नाहीच. नळाचा विषय आमच्यात पुन्हा कुणी काढला नाही. मीही नाही.

तर मी बोलले. जमीन तापते तेव्हा मुळं खोल जातात, असं म्हटलं. देव आभाळ बंद करतो ते आपण त्याच्याकडे वळावं म्हणून, असंही म्हटलं. “खरा दुष्काळ अंतःकरणात असतो,” यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य सगळ्यांना आवडतं. त्यासाठी उठून काही करावं लागत नाही.

मग आम्ही अंगणात आलो. “हे परमेश्वरा, आम्ही पाप केलं आहे,” पाळकसाहेबांनी सुरुवात केली, आम्ही मागून म्हटलं, आणि तांबे उपडे केले. फरशीवर पाणी क्षणभर थबकलं, मग उतार धरून गेटाखालून बाहेर गेलं.

बाहेर रांगेतली एक बाई खाली बसली. तिनं कमरेचं फडकं काढलं, ओघळावर पसरलं, भिजलं तसं बादलीत पिळलं. पुन्हा पसरलं. आमच्याकडे तिनं पाहिलंही नाही. तिला घाई होती, पाणी जिरत होतं.

आम्ही अठराजणी रिकामे तांबे घेऊन उभ्या.

“आम्ही पाप केलं आहे,” मी घाईनं तीच ओळ पुन्हा उचलली.

“कसलं गं?”

मथुराबाई. बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून खडी फोडत फोडत पुण्याला पोचलेल्या, आता ऐंशीला टेकलेल्या. हा एक तांब्याही त्यांना दोन हातांनी धरावा लागला होता.

“म्हणजे... आपल्या सगळ्यांचंच,” मी म्हटलं. “मनाचा कोरडेपणा, म्हणजे...”

“ते मघाशी ऐकलं. छान बोललीस. पाप कसलं, ते विचारतेय.”

“मथुराबाई, प्रार्थना चालू आहे,” पाळकसाहेब म्हणाले.

“मग देवाला कळायला नको, कशाची माफी मागताय ते?”

पाळकसाहेबांनी चष्मा पुसायला काढला. चंपा तांब्याच्या तळाकडे बघत राहिली. फडकं पिळल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, कुणीतरी ‘आमेन’ म्हणेल आणि सुटेन. मथुराबाई माझ्याकडेच बघत होत्या. रागानं नाही, वर्गात बाई थांबून राहतात ना, उत्तर येतंय हे माहीत असल्यासारख्या, तशा.

“दारात आलेल्या बायकांना आपण पाणी नाकारलं,” मी म्हटलं. “आणि मी त्यांची चेष्टा केली.”