झाकून ठेवलेला चार्जिंग पॉइंट

मित्रांनो, मी एक चार्जिंग पॉइंट आहे. जुना म्हणाल तर मुळीच नाही, दोनच गणपती पाहिलेत मी. पण एवढ्यात जे भोगलं ते ऐका. चेंबूरच्या एका नव्या टॉवरच्या पार्किंगमध्ये, खांबावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर मला ठोकलंय. जागचं हलता येत नाही आणि स्वस्थ बसवत नाही, असा माझा स्वभाव. वीज आहे ना अंगात!

चाकणच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे तपासणीसाठी पहिल्यांदा माझ्यातून वीज सोडली, तेव्हा वाटलं, आता रोज असंच धावायचं. कसचं काय! नव्या इमारतीत गाड्या चार्ज करायची सोय हवीच, असा नियम आला होता, म्हणून बिल्डरनं मला आणलं. हौसेनं कुणी बोलावलं नव्हतं. जुनी चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरमध्ये माणसं राहायला आली, पेढे वाटले, लिफ्टला हार घातला. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. विजेवरची गाडीच नव्हती कुणाकडे. मी आपला नुसता चुळबुळत राहिलो.

माझी पहिली विचारपूस केली ती तिसऱ्या मजल्यावरच्या दत्तारामांनी. मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर पडेल ते काम करून त्यांनी संसार ओढला. उभा जन्म एका खोलीत काढलेला, त्यामुळे नव्या वस्तूचं त्यांना भारी अप्रूप. घरात रिमोटला पिशवी, सोफ्यावर प्लॅस्टिक, मिक्सर अजून खोक्यात. शेजारच्या बांधकामाची धूळ आणि कबुतरांची घाण माझ्यावर पडते हे पाहून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी जाड प्लॅस्टिक आणलं, मला चहूबाजूंनी गुंडाळलं, चिकटपट्ट्या मारल्या आणि प्लग घालायला खाली एक चीर ठेवली. सगळ्यांनी त्यांची वाहवा केली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कुणीतरी माया केली होती.

मग त्यांच्या लेकीनं, मानसीनं, विजेवरची स्कूटर घेतली. मानसी फिजिओथेरपिस्ट. अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायला ती गोवंडी, माहुलला घरोघरी जाते. संध्याकाळी तिनं चिरेतून प्लग घातला आणि माझं अंग शहारलं. आली एकदाची माझी पाळी!

पण थोड्याच वेळात जीव गुदमरायला लागला. वीज वाहिली की आम्ही तापतो. ती उष्णता बाहेर पडली नाही तर आग लागू नये म्हणून आम्ही आपोआप बंद पडतो. आमची घडणच तशी. मी बंद पडलो. लाल दिवा लावून ओरडत राहिलो, पण त्या जाड प्लॅस्टिकमधून लाल काय नि हिरवा काय! असं रोज होऊ लागलं. मानसीला सकाळी गाडी अर्धीमुर्धीच भरलेली मिळायची, आणि ती आहे तेवढ्यावर धावायची.

एके दिवशी वाशी नाक्याच्या पुढे स्कूटर थांबली ती थांबलीच. माहुलला धाकूकाका तिची वाट पाहत होते. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा उंबरा ओलांडणार होते. सकाळपासून पायात चपला घालून दारात बसले, आणि मानसी पोचलीच नाही. शेवटी चिडून एकट्यानंच उठायला गेले आणि पडले. हाड मोडलं नाही, पण धीर खचला. मानसी हे सगळं वडिलांना माझ्यासमोरच सांगत होती, आणि रडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं तक्रार केल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर यांनी रविवारी पार्किंगमध्येच मीटिंग बोलावली. गाडी चार्ज करायला घरातून खाली वायर सोडायची त्यांनी आधीच मनाई केली होती. आता म्हणाले, ही पेटी सदोष आहे, काढून टाकू. एकानं नियमाची आठवण करून दिली, तर त्यांनी हात झटकले. "नियम होता, बिल्डरनं पाळला. आता कोण बघायला येतंय?"

मी गेलो असतो तर मानसीची स्कूटर गेली असती, आणि स्कूटरवर अवलंबून असलेली तिची माणसंही. तिनं गाडी आणली आणि सगळ्यांदेखत प्लग घातला. मी जिवाचा आटापिटा केला हो! पण काही वेळानं व्हायचं तेच झालं. नंदकिशोर हसले. मानसीनं प्लॅस्टिकवर तळहात ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ह्याला ताप आलाय."

दत्तारामांनी हात लावून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. कुणी त्यांना दोष दिला नाही, पण त्यांना सगळं उमगलं होतं. चिकटपट्ट्या नखांनी ओरबाडून त्यांनी प्लॅस्टिक टराटरा फाडलं. मला वारा लागला. निवायला वेळ लागणार होता, आणि नंदकिशोर तर उठायच्या बेतात होते. पण मानसी बसून राहिली, म्हणून बाकीचेही बसले. मग माझा हिरवा दिवा लागला, आणि स्कूटर पूर्ण भरेपर्यंत विझला नाही. मला काढायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मानसी निघाली, तर दत्ताराम आधीच स्कूटरपाशी उभे.

"माझ्यामुळे तो म्हातारो दारात बसान रवलो," ते म्हणाले. "माका त्याची माफी मागूची आसा."

दुपारी परत आल्यावर मानसी हसत हसत वॉचमनला सांगत होती. दत्ताराम धाकूकाकांपुढे हात जोडून उभे राहिले, तर काका म्हणाले, "माफी ऱ्हाऊ दे. तो हात इकडे दे. मला उठायचंय."

आणि ते उठले. उंबरा ओलांडून पार अंगणापर्यंत गेले. आता दत्तारामांना रोज मानसीच्या मागे बसून माहुलला जावं लागतं, कारण धाकूकाका दुसऱ्या कुणाचा हात धरायला तयार नाहीत.

मित्रांनो, नियमानं मला खांबापर्यंत आणून सोडलं. पुढचं तुमच्या हातात आहे. तुमच्याही पार्किंगमध्ये माझा एखादा भाऊबंद असेल, त्याला एकदा हात लावून बघा. धूळ बसली तर पुसा, बिघडला तर दुरुस्त करा, पण नवा राहावा म्हणून झाकून ठेवू नका. आम्हाला झिजू द्या. कुणीतरी चपला घालून दारात बसलेलं असतं.